कंपनीने ‘व्यापारी गुपित’ म्हटल्यावर माहिती कशी मिळवावी

सरकारी कार्यालयाकडे एखाद्या खासगी कंपनीविषयी माहिती मागितली, की ‘सदर माहिती त्रयस्थ पक्षाच्या व्यापारी गुपिताशी संबंधित असल्याने कलम ८ (१) (घ) अन्वये देता येत नाही’ असे एका वाक्याचे उत्तर येते आणि पुष्कळ अर्ज तेथेच निकाली निघतात. अर्जदार हे उत्तर अंतिम समजतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो केवळ एक दावा असतो, आणि माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम १९ (५) ने तो सिद्ध करण्याची जबाबदारी नकार देणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्यावर टाकलेली आहे. हा दावा पारखून कसा घ्यावा, अर्ज मुळातच कसा लिहावा आणि अपिलात काय मांडावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

आधी कलमाची रचना नीट पाहावी. इंग्रजी आदेशांत हेच कलम ‘डी’ या अक्षराने येते. त्यात तीन गोष्टी एकामागून एक सांगितल्या आहेत. माहिती व्यापारी विश्वासार्हतेची (म्हणजे व्यवहारात विश्वासाने दिलेली), व्यापारी गुपिताची किंवा बौद्धिक संपदेची असली पाहिजे; ती उघड केल्याने त्रयस्थ पक्षाच्या स्पर्धात्मक स्थानाला हानी पोहोचणारी असली पाहिजे; आणि या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी व्यापक जनहितासाठी ती देणे आवश्यक आहे अशी सक्षम प्राधिकाऱ्याची खात्री झाली, तर ती द्यावी लागते. नकाराच्या बहुतेक पत्रांत यांपैकी पहिल्याच गोष्टीचा उच्चार असतो. हानी कोणती, कोणत्या स्पर्धकामुळे, कोणत्या पानावरील कोणत्या मजकुराने होणार, याविषयी पत्र मौन पाळते. नकाराचे पत्र हाती आल्यावर सर्वप्रथम हेच तपासावे, कारण कलम ७ (८) प्रमाणे नकाराची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळवणे बंधनकारक आहे, आणि कलमाचा क्रमांक लिहिणे म्हणजे कारण देणे होत नाही.

खरे गुपित कशाला म्हणावे, हेही अर्जदाराने प्रामाणिकपणे जाणून घेतले पाहिजे. भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. बाविसाव्या विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये दिलेल्या २८९ व्या अहवालात तशा कायद्याची शिफारस केली आहे. तोवर करार, विश्वासभंगाविषयीची न्यायतत्त्वे आणि बौद्धिक संपदेविषयीच्या आंतरराष्ट्रीय ट्रिप्स कराराचे ३९ वे कलम यांवरच सारे चालते. त्या कलमानुसार माहिती त्या क्षेत्रातील लोकांना सहज उपलब्ध नसावी, गुप्त असल्यामुळेच तिला व्यापारी मूल्य असावे, आणि ती गुप्त राखण्यासाठी तिच्या धारकाने वाजवी काळजी घेतलेली असावी. एखाद्या औषधाच्या उत्पादनातील तापमान, दाब आणि उत्प्रेरकाचे प्रमाण या तिन्ही कसोट्यांना उतरू शकते, आणि असे तपशील संरक्षित राहावेत यात गैर काहीच नाही; संशोधनावर पैसा घालवणाऱ्याचे श्रम स्पर्धकाला फुकट मिळावेत, असे माहितीच्या अधिकाराला कधीच अभिप्रेत नव्हते. याउलट निविदा मंजूर झाल्यानंतरची रक्कम, शासनाकडून घेतलेली सवलत, परवान्याच्या अटी आणि त्या अटींच्या पालनाचे अहवाल यांना गुपित म्हणणे फार अवघड आहे. निविदेबाबतचा निर्णय झाल्यावर निविदेची कागदपत्रे दडवण्याचे समर्थन उरत नाही, असे झारखंड उच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटले आहे.

अर्ज लिहिताना

संघर्ष टाळण्याची सर्वांत चांगली जागा अपील नसून मूळ अर्ज आहे. अर्ज जितका ऐसपैस, तितकी गुपिताची सबब सोपी. एक उदाहरण घेऊन हे पाहू. समजा, लोटे परशुरामसारख्या रासायनिक औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे सांडपाणी खाडीत जाते आणि मासेमारांना त्याची तपासणी हवी आहे. त्यांनी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे ‘सदर कारखान्याची संपूर्ण फाइल द्यावी’ असा अर्ज केला, तर त्या फाइलीत उत्पादनाचा प्रक्रियाआलेख, कच्च्या मालाचे प्रमाण आणि यंत्रसामग्रीची मांडणीही असते, आणि कंपनीच्या हरकतीला खरोखरच आधार मिळतो. एका पानावरच्या खऱ्या गुपितामुळे मग दोनशे पाने अडकून पडतात.

तोच अर्ज असा लिहावा: ‘सदर उद्योगास दिलेल्या चालू संमतिपत्राची अटींसह प्रत, १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात मंडळाच्या अधिकाऱ्यांनी उद्योगाच्या अंतिम निर्गम स्थानावरून घेतलेल्या सांडपाणी नमुन्यांच्या विश्लेषण अहवालांच्या प्रती, आणि या काळात बजावलेल्या कारणे दाखवा नोटिसा, प्रस्तावित निर्देश व अंतिम निर्देश यांच्या प्रती. उत्पादन प्रक्रिया, कच्च्या मालाचे प्रमाण किंवा ग्राहकांची नावे यांविषयीचा मजकूर मला नको आहे; तो असल्यास कलम १० प्रमाणे वगळून उर्वरित भाग द्यावा.’

यातील शेवटच्या वाक्याचे महत्त्व मोठे आहे. कारखान्याच्या आत काय घडते हे अर्जदाराने विचारलेलेच नाही. नळाच्या तोंडाशी काय बाहेर पडते एवढेच विचारले आहे. सामू (आम्लता) किती, बीओडी व सीओडी (सांडपाण्यातील घाणीच्या विघटनाला लागणारा ऑक्सिजन) किती, हे आकडे पाहून कोणत्याही स्पर्धकाला रसायन बनवता येत नाही, पण सीओडीची सर्वसाधारण मानकांतील लिटरला २५० मिलिग्रॅमची मर्यादा पाळली गेली की नाही, हे मासेमाराला कळते. शिवाय हे नमुने मंडळाने घेतले आणि मंडळाच्या प्रयोगशाळेत तपासले. जो अहवाल कंपनीने तयार केला नाही, तो कंपनीने गोपनीय म्हणून जपला असे म्हणणार कसे? स्वतंत्र वाटही आहे: जलप्रदूषण कायदा, १९७४ च्या कलम २५ (६) नुसार राज्य मंडळाने दिलेल्या संमतींची आणि त्यांतील अटींची नोंदवही ठेवायची असते, आणि त्या निर्गमामुळे बाधित होणाऱ्या किंवा त्यात हितसंबंध असलेल्या कोणालाही ती वाजवी वेळी पाहता येते. ही नोंदवही पाहायला जाताना सोबत एखादा जाणकार न्यावा.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, दहा रुपयांचा न्यायालय शुल्क मुद्रांक लावून, एकाच विषयापुरता आणि साधारण दीडशे शब्दांत करायचा असतो. ही शब्दमर्यादा अनेकांना जाचक वाटते, आणि ती आहेही, परंतु व्यापारी गुपिताच्या प्रकरणात ती अर्जदाराला नेमके लिहायला लावते. संमतिपत्रासाठी एक आणि अहवालांसाठी दुसरा, असे दोन अर्ज केले तर एकावरच्या हरकतीने दुसरा अडत नाही. प्रतींऐवजी अभिलेखाची पाहणी करणे आणि टिपणे घेणे हाही कलम २ (ञ) मधील अधिकारच आहे, आणि बांधकामाच्या प्रकरणांत तर साहित्याचे प्रमाणित नमुनेसुद्धा मागता येतात.

माहिती सरकारी कार्यालयाच्या हाती नसून कंपनीकडेच आहे, असे उत्तर आले तर कलम २ (च) दाखवावे. अन्य कोणत्याही कायद्यान्वये सार्वजनिक प्राधिकरणाला खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते, तीही या कायद्यातील ‘माहिती’ आहे. मात्र तो अन्य कायदा कोणता आणि त्यातील कोणते कलम प्राधिकरणाला तसा अधिकार देते, हे अर्जातच लिहावे लागते. ‘तुम्ही नियामक आहात’ एवढे म्हणून भागत नाही.

कंपनीची हरकत आल्यावर

कलम ११ ची कार्यपद्धती अर्जदाराला पाठ असावी, कारण गोंधळ सर्वांत जास्त येथेच होतो. त्रयस्थ पक्षाने दिलेली किंवा त्याच्याशी संबंधित असलेली आणि त्याने गोपनीय मानलेली माहिती देण्याचा अधिकाऱ्याचा विचार असेल, तर अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत त्याने त्या पक्षाला लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत त्या पक्षाने आपले म्हणणे मांडायचे. आणि अर्ज मिळाल्यापासून चाळीस दिवसांच्या आत अधिकाऱ्याने निर्णय द्यायचा. त्रयस्थ पक्ष नसलेल्या साध्या अर्जाला तीस दिवस असतात, हा फरक लक्षात ठेवावा. कंपनीचे म्हणणे ‘विचारात घ्यावे’ असे कायदा सांगतो. कंपनीची संमती हवी, असे तो कोठेही म्हणत नाही. तरीही ‘कंपनीने संमती न दिल्याने माहिती देता येत नाही’ अशी पत्रे सर्रास निघतात. त्या वाक्यातून अधिकाऱ्याने स्वतः निर्णय केलाच नाही हे उघड होते, म्हणून असे पत्र जपून ठेवावे. अपिलात ते अर्जदाराच्याच उपयोगी पडते.

नकार मिळाल्यावर कंपनीला पाठवलेल्या नोटिशीची आणि कंपनीच्या उत्तराची प्रत स्वतंत्र अर्जाने मागवावी. कंपनीच्या हरकतीत कागदनिहाय कारणे आहेत, की साऱ्या फाइलीवर एकच शिक्का मारला आहे, हे त्यातून कळते.

पुष्कळदा करारातील गोपनीयतेचे कलम पुढे केले जाते. कलम ७ (१) प्रमाणे माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ आणि ९ मध्ये आहेत तेवढीच. कार्यालयाने कंत्राटदाराशी काय ठरवले हे त्या यादीत नाही. कार्यालयांना करार करून स्वतःला कायद्यातून मोकळे करता आले असते, तर कायद्याला अर्थच उरला नसता. अलीकडे याच्या जोडीला कलम ८ (१) (ञ) देखील लावले जाते, कारण डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण अधिनियम, २०२३ ने त्या कलमातील जुन्या अटी काढून ‘व्यक्तिगत माहिती’ एवढाच अपवाद ठेवला आहे. हा बदल नागरिकांच्या दृष्टीने चिंतेचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि कंपनी ही मनुष्य नव्हे, सांडपाण्याचा अहवाल कोणाचीही व्यक्तिगत माहिती नव्हे, आणि कलम ८ (२) मधील जनहिताची तरतूद सर्व अपवादांना अद्याप लागू आहे, हे तीन मुद्दे अपिलात लिहावेत.

पहिले अपील

नकार मिळाल्यापासून तीस दिवसांत जोडपत्र ‘ब’ मध्ये, वीस रुपयांच्या मुद्रांकासह, प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे. महाराष्ट्रात द्वितीय अपील सुनावणीस येण्यास फार काळ लागतो, म्हणून सारी ताकद या पहिल्या अपिलात लावणे शहाणपणाचे आहे. रागाची भाषा येथे उपयोगाची नाही. मुद्दे कलमाच्या रचनेनुसार एकेक करून मांडावेत. उदाहरणार्थ: ‘जन माहिती अधिकाऱ्यांनी मागितलेल्या कागदांपैकी कोणता कागद व्यापारी गुपित आहे हे नमूद केलेले नाही. तो उघड झाल्याने कोणत्या प्रकारची स्पर्धात्मक हानी होईल हे सांगितलेले नाही. कलम १० नुसार अंशतः माहिती देण्याचा विचार केलेला नाही. कलम १९ (५) नुसार नकार समर्थनीय असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावर असून ती पार पाडलेली नाही.’

काळाचा मुद्दा विसरू नये. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर २०११ रोजी स्पष्ट केले, की परीक्षेआधी प्रश्नपत्रिका उघड केल्यास हानी होईल, पण परीक्षा झाल्यावर तीच माहिती कलम ८ (१) (घ) खाली नाकारता येत नाही. निविदा, दरपत्रके, संपलेले करार आणि बंद झालेली उत्पादने यांना हा तर्क तंतोतंत लागू पडतो. आणि घटना वीस वर्षांपूर्वीची असेल, तर कलम ८ (३) मुळे व्यापारी गुपिताचा अपवाद लागूच होत नाही. जुन्या जमीनवाटपाच्या आणि सवलतींच्या प्रकरणांत हे कलम फार कामाचे आहे, तरी त्याचा आधार घेणारे अर्जदार थोडे.

नियामकाने कंपनीची बाजू घेतल्यास रिझर्व्ह बँकेविषयीचा १६ डिसेंबर २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उद्धृत करता येतो. बँकांचे तपासणी अहवाल विश्वासाच्या नात्याने मिळालेले असल्याने देता येणार नाहीत, हे रिझर्व्ह बँकेचे म्हणणे न्यायालयाने फेटाळले आणि नियामकाने एकेका बँकेचे नव्हे तर जनतेचे हित जपायचे असते, असे सांगितले. मात्र बँकांनी या निकालाविरुद्ध केलेल्या याचिका ऐकण्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केले आहे. म्हणून सारा डोलारा या एकाच निकालावर उभारू नये.

जनहित दाखवायचे कसे

‘जनहितार्थ माहिती मिळावी’ हे वाक्य लिहून जनहित सिद्ध होत नाही. या मुद्द्यावर बीटी वांग्याचे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे, आणि त्यातील कंपनी आपल्या जालन्याची असल्याने ते मराठी वाचकाला जवळचेही आहे. महिको कंपनीच्या जनुकीय बदल केलेल्या वांग्याच्या विषारीपणाच्या आणि ॲलर्जीच्या चाचण्यांची विदा ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेच्या एका कार्यकर्तीने जैवतंत्रज्ञान विभागाकडे माहितीच्या अधिकारात मागितली. विभागाने कलम ८ (१) (घ) दाखवून ती नाकारली. केंद्रीय माहिती आयोगाने २००७ मध्ये विदा देण्याचा आदेश दिला, कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि अखेरीस २००८ मध्ये ती विदा सार्वजनिक झाली. त्यानंतर स्वतंत्र शास्त्रज्ञांना ती तपासून आक्षेप नोंदवता आले, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याच्या लागवडीला स्थगिती दिली. वांग्यात जनुक कसे घातले, हे त्या अर्जात विचारलेले नव्हते. ते खाल्ल्याने काय होते, याच्या चाचण्यांचे निष्कर्ष मागितले होते. शोध गुप्त राहूनही सुरक्षिततेची विदा खुली होऊ शकते, ही विभागणी तेथे कामी आली. ट्रिप्सचे ३९ वे कलमसुद्धा औषधे व कृषिरसायने यांच्या चाचणी विदेला संरक्षण देताना, जनतेच्या रक्षणासाठी आवश्यक असेल तेथे ती उघड करण्याला वाव ठेवते.

आपल्या उदाहरणातील मासेमारांनीही त्याच पद्धतीने जावे. मासे मेल्याची तारीख, तलाठ्याने किंवा मत्स्यव्यवसाय विभागाने केलेला पंचनामा, खाडीवर अवलंबून असलेली गावे, मंडळाकडे आधी दिलेल्या तक्रारींचे पोचक्रमांक, हे सारे अपिलाला जोडावे. मग जनहित शब्दांत न राहता कागदावर येते आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कंपनीला हानीचे तितकेच ठोस वजन घालावे लागते. कंपनीचे वकील येथे कलम ११ चे परंतुक दाखवतील: कायद्याने संरक्षित व्यापारी गुपिते वगळता इतर बाबतींतच जनहिताचा विचार करता येतो, असे त्याचे शब्द आहेत. त्यावर संरक्षण देणारा तो कायदा कोणता, असे विचारावे, आणि कलम ८ (१) (घ) मध्ये व ८ (२) मध्ये जनहिताची तरतूद स्वतंत्रपणे असल्याचे निदर्शनास आणावे.

आयोगापुढे

प्रथम अपिलाचा निर्णय तीस दिवसांत, कारणे नोंदवून फार तर पंचेचाळीस दिवसांत, व्हायला हवा. तो विरुद्ध गेला तर निर्णयापासून, किंवा निर्णय झालाच नाही तर तो व्हायला हवा होता त्या दिवसापासून, नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या संबंधित खंडपीठाकडे जोडपत्र ‘क’ मध्ये द्वितीय अपील करावे. येथे एक विनंती आवर्जून लिहावी: वादग्रस्त कागद आयोगाने स्वतः मागवून पाहावेत. चौकशीच्या काळात कोणताही अभिलेख तपासण्याचा अधिकार कलम १८ (४) ने आयोगाला दिला आहे आणि तो कोणत्याही कारणाने आयोगापासून रोखता येत नाही. अर्जदाराने कागद पाहिलेला नसतो, त्यामुळे त्यात गुपित नाही हे तो सांगू शकत नाही, आणि कंपनी तर आहे असेच म्हणणार; हा पेच तिसऱ्या, निष्पक्ष डोळ्यांनीच सुटतो. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही २७ फेब्रुवारी २०२५ रोजी हाच मार्ग सांगितला. ऑस्ट्रियात संगणकीय पतमूल्यांकनावरून एका महिलेला मोबाइलचा करार नाकारण्यात आला होता, आणि मूल्यांकन कसे झाले हे न सांगण्यासाठी मूल्यांकन करणारी कंपनी गुपिताचे कारण देत होती. कंपनीने गुपित म्हणून सांगितलेली माहिती प्राधिकरणापुढे किंवा न्यायालयापुढे ठेवावी आणि त्यांनी दोन्ही हक्क तोलून काय द्यायचे ते ठरवावे, असे त्या न्यायालयाने म्हटले.

सुनावणीला जाताना अंशतः प्रकटनाचा तक्ता तयार न्यावा: एका रकान्यात मागितलेला कागद, दुसऱ्यात त्यातील कोणता भाग वगळायला आपली हरकत नाही, तिसऱ्यात उर्वरित भाग का हवा. माहिती आयुक्तांपुढे रोज अनेक प्रकरणे असतात. असा तक्ता हाती असला तर आदेशही त्याच क्रमाने आणि अंमलात आणता येईल असा निघण्याची शक्यता वाढते. कंपनीलाही कलम १९ (४) प्रमाणे म्हणणे मांडण्याची संधी मिळते, तेव्हा तिच्या प्रतिनिधीने मान्य केलेला प्रत्येक कागद तेथेच नोंदवून घेण्याची विनंती करावी.

आदेश अनुकूल आला तरी कंपनी उच्च न्यायालयात जाऊ शकते. न्यायालयाने स्थगिती दिली नसेल, तर आदेशातील मुदत संपताच अनुपालनाचे पत्र पाठवावे. प्रती मिळाल्यावर काळ्या केलेल्या ओळी मोजाव्यात, कलम १० (२) प्रमाणे त्या वगळण्याचा निर्णय कोणी व कोणत्या कारणाने घेतला हे सोबतच्या नोटिशीत पाहावे, आणि आदेशाने वगळायला सांगितलेल्या भागापेक्षा एक ओळही जास्त झाकलेली असेल, तर त्या पानाची प्रत जोडून आयोगाकडे कलम १८ खाली तक्रार करावी.